रिकामा तळहात

चित्र आलं, आवाज काही आला नाही. ललितने कपाळाला हात लावला.

सुरतच्या डिंडोलीतलं घर दोन खोल्यांचं, एकावर एक. मधला जिना असा उभा, की मांजरसुद्धा चढताना देवाचं नाव घेई. वर बाबा, पाय प्लास्टरमध्ये. खाली माय, गुडघे संपावर गेलेले. एका छपराखाली राहून दोघांनी दिवाळीपासून एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. फोन करून झाला. पण कापड कारखान्यात जन्मभर लूमच्या, म्हणजे मागांच्या खडखडाटात बाबांचे कान कधीच गेलेले. माय इतकी ओरडे, की बाबांना सोडून साऱ्या डिंडोलीला कळे, आज त्यांचं पोट साफ झालं की नाही. शेवटी तिने बोलणंच सोडलं. मग जेवणही अर्ध्यावर टाकू लागली, तेव्हा मात्र ललित घाबरला.

पलसाण्याच्या मिलमधून त्याने मोडीत निघालेले दोन कॉम्प्युटर आणले, कॅमेरे बसवले, जिन्यातून निळी वायर ओढली, तिच्या टोकांना स्वतः पिना लावल्या. वरचे स्पीकर तर असे, की गणपती मंडळाने मागून न्यावेत. आणि त्यांतून चकार शब्द निघेना.

तो वर गेला. बाबा पडद्याकडे बघत नुसते ओठ हलवत होते. मूठ उघडून रिकामा तळहात दाखवत होते. कनेक्शन गेलं म्हणतायत, असं समजून ललितने पिन कापून नवी बसवली. पुन्हा तोच तळहात. खाली धावला, स्विच बंद करून चालू केला. वर-खाली करून घरात तिसरा पेशंट व्हायची वेळ आली.

"माय, थांब जरा. आवाज जोडतो."

"कसाले?" मायने पडद्यावरची नजर हलवली नाही. तिचेही ओठ हलत होते, बोटं हवेत नाचत होती. शेजारचं ताट चाटूनपुसून रिकामं. "आम्ही कवाचे बोलतोय."

"असे, आवाजाशिवाय?"

"लूमवर दुसरं कसं बोलणार? लग्न ठरलं तवा पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला मी. काही खास नव्हता."

ललित मटकन जिन्याच्या पायरीवर बसला. पडद्यावर पुन्हा मूठ उघडली.

"आणि हे काय म्हणतायत?"

"कांडी संपली, भरलेली घेऊन ये." मायने पदर तोंडाला लावला. "मी सुताच्या कांड्या भरून द्यायची ना कारखान्यात. सारखे बोलवायचे. धावत जावं, तर मशीनखाली टोपलीभर भरलेल्या कांड्या लपवलेल्या. खोटारडा माणूस."

तिने भिंतीला हात टेकला, उठली आणि जिन्यापाशी आली.

"माय, तुझे गुडघे..."

"सरक तिकडे," माय म्हणाली. "त्यांची कांडी संपलीय."