तिसरीतल्या उवा

आईने फणी पांढऱ्या कापडावर आपटली. कापडावर काळे ठिपके पडले आणि चालायला लागले.

"परत," ती म्हणाली. "काल तर सगळं डोकं साफ केलं होतं मी."

लेक गॅलरीत स्टुलावर मान खाली घालून बसली होती. आठ वर्षांची पोर, पण केस कमरेखाली. जन्मापासून त्यांना कात्री लागली नव्हती. आईचे स्वतःचे केस बाळंतपणानंतरच्या आजारात गेले ते गेलेच; टाळू दिसू नये म्हणून ती घरातही रुमाल बांधायची. त्यामुळे लेकीचे केस म्हणजे तिचा जीव की प्राण. रोज सकाळी तासभर तेल, विंचरणं, दोन वेण्या. रस्त्यात लोक वळून बघायचे आणि आईचा दिवस चांगला जायचा. आता त्याच केसांत बोटं घालायची म्हटलं की शिसारी यायची.

शाळेचं पत्रक फ्रिजवर लावलेलं होतं. वर 'वसंतातल्या बातम्या' आणि रंगीत फुलं. तिसरीचे पोहण्याचे वर्ग सुरू होणार, केस टोपीत मावायला हवेत. असल्या केसांना कुठली टोपी पुरणार? आईने सही केलीच नव्हती. लेकीने दोन दिवस तोंड फुगवलं, मग विषय सोडला. खाली 'पालकांसाठी सूचना': वर्गात उवा आढळल्या आहेत, घाबरून जाऊ नये, रोज डोकं तपासावं.

"घाबरून जाऊ नये म्हणे," आई पुटपुटली. "यावं म्हणावं इथं, धरावी फणी." मग तिने विचारलं, "तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

"गोटी."

गोटी म्हणजे ती बुटकी, गोल, बाहीला नाक पुसणारी. मागच्याच आठवड्यात तिचे केस मुलासारखे बारीक कापले होते. का कापले, हे कुणी सांगायला नको.

"तिच्या डोक्यात होत्या ना?"

"होत्या."

"आणि तुम्ही डोक्याला डोकं लावून बसता."

लेकीने मान आणखी खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत जाऊन बसली. वर्गाच्या बाईंनी समजावून पाहिलं. "एकट्या मुलीवर ढकलता येत नाही हो. आणखी तिघींचे केस कापावे लागलेत."

"त्या तिघीही तिच्याच आजूबाजूला बसतात. तिला हलवा, नाहीतर मी मुख्याध्यापकांकडे जाते."

गोटीला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. दोन दिवसांनी शाळा सुटताना फाटकापाशी गोटीच्या आईने हिला गाठलं. बेकरीत कामाला होती ती, मनगटापर्यंत पीठ.

"माझी पोर काल जेवली नाही," ती म्हणाली. "सगळे तिला घाणेरडी म्हणतात."

"मग स्वच्छ ठेवा तिला."

"ठेवते हो. चादरी उकळून हात भाजले माझे. काढल्या की दुसऱ्या दिवशी हजर. शेवटी हात टेकले आणि केस कापले. तेव्हापासून एक नाही."

"बरं झालं," आई म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली. त्या बाईच्या अंगाची हवासुद्धा तिला नको होती.

गोटी शेवटच्या बाकावर गेली, पण उवा काही गेल्या नाहीत. आईने औषध लावलं, डोक्याला फडकं बांधलं, उशा उन्हात टाकल्या. नखावर नख ठेवून टचकन मारताना तिचे डोळे आपोआप मिटायचे. साबणाने कितीही हात धुतले तरी तो आवाज बोटांतून जायचा नाही. ताटात जिऱ्याचा दाणा दिसला तरी घास खाली उतरेना. वडिलांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं.

"कापून टाक की," ते म्हणाले. "वाढतील परत."

"या घरात एवढी एकच गोष्ट देखणी आहे," आई म्हणाली.

आई दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायची. एका सकाळी समोरच्या म्हातारबाबांनी चष्मा वर केला.

"ताई, तुमच्या रुमालावर काहीतरी चालतंय."

बाकावरची माणसं बघायला लागली. एक बाई मुलाला उचलून लांब जाऊन बसली. आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रविवारी सकाळी ती लेकीला घेऊन केस कापायच्या दुकानात गेली. कापणारीने आधी हातमोजे चढवले. दोन्ही वेण्या मुळापासून तुटून फरशीवर पडल्या आणि आई ढसाढसा रडली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. उलट तिनेच आईचा हात धरला. एवढीशी पोर, पण किती समजूतदार, असं वाटून आईला आणखीच भरून आलं. घरी आल्यावर तिने पोहण्याच्या कागदावर सही करून टाकली. तेवढाच पोरीला विरंगुळा.

दुपारी बेल वाजली. दारात लेकीच्या पलीकडच्या बाकावरची मुलगी, मनगटाएवढी जाड वेणी पुढे घेतलेली.

"काकू, ती आहे का? पाचच मिनिटं."

"आहे, पण लांबूनच बोल हं, बाळा. एखादी राहिली असली तर? तुझे केस किती छान आहेत. जप त्यांना."

मुलगी मान हलवून आत गेली. आईने दोघींसाठी दूध गरम केलं आणि पेले घेऊन खोलीपाशी आली. दार अर्धवट उघडं होतं. लेक मैत्रिणीच्या हातात एक काडेपेटी ठेवत होती.

"दुकानात जायच्या आधी काढून ठेवल्यात, ताज्या आहेत," ती हळू आवाजात सांगत होती. "गोटीने मला दिल्या तेव्हा एवढ्याच होत्या. आई रोज फणी फिरवेल, फिरवू दे. ती झोपली की दोन-दोन परत सोडायच्या. आणि केस कापा असं आपण होऊन म्हणायचं नाही. शेवटी आयाच म्हणतात."