नावाडिणीचा राग

“हिला एवढा राग कशाचा आलाय?” परीक्षक मॅडमनी विचारलं.

फळ्यावर टाचलेल्या चित्रात एक नावाडीण होती. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, वल्हं सोट्यासारखं उगारलेलं, आणि तोंड असं उघडं की आतली पडजीभ दिसावी. नावेतले प्रवासी अंग चोरून बसले होते. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. स्वतःच्या डोक्यातून एक पात्र उभं करायचं आणि सगळ्यांसमोर त्याच्याविषयी बोलायचं.

धाकटीने पात्र उभं केलं होतं. तीन आठवडे त्याच्यामागे मरमर केली होती, साठ कागद फाडले होते. पण बोलायचं म्हटलं की ती अडखळायची. पहिलं अक्षर ओठांवर येऊन तिथंच ठाण मांडायचं.

“हि... हि...”

“हिचा नवरा याच नदीत बुडाला, मॅडम,” थोरली म्हणाली.

थोरली तिची जुळी बहीण. वर्गही एकच. दहा मिनिटांनी मोठी, आणि ते मोठेपण तिने वीस वर्षं निभावलं होतं. दुकानात, दवाखान्यात, फोनवर धाकटीने तोंड उघडायचं आणि थोरलीने बोलायचं. कुणी हसलं तर थोरली त्याच्या अंगावर धावून जायची. बहीण असावी तर अशी, असं सगळे म्हणायचे.

आताही तिने गोष्ट रंगवली. नवरा बुडत होता तेव्हा काठावरची माणसं नुसती बघत उभी राहिली. त्याच माणसांना ही आता रोज पलीकडे सोडते. वर्ग गप्प होऊन ऐकत होता. एकीने डोळे पुसले. मॅडम भराभर लिहून घेत होत्या.

धाकटीही ऐकत होती. गोष्ट चांगली होती. तिला सुचली असती त्याहून चांगली. पण नावाडिणीला नवरा नव्हता. साठ कागदांत तो एकदाही फिरकला नव्हता. मग राग कशाचा, ते धाकटीलाही सांगता आलं नसतं. हात चालत गेला होता आणि दर कागदावर ते तोंड जास्त जास्त उघडत गेलं होतं.

“उत्तम,” मॅडम म्हणाल्या. “इतका विचार केलेलं पात्र आज दुसरं दिसलं नाही. पहिला नंबर द्यायला हरकत नाही.”

थोरलीने बहिणीचा हात दाबला. “सुटलीस बघ,” ती हळूच म्हणाली.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने हात हिसकावून घेतला.

“ख... खोटं आहे.”

मॅडमचं पेन थांबलं. थोरलीचा चेहरा पडला. “अगं, वेडी आहेस का? मिळतंय ते घे ना.”

“मग खरं काय?” मॅडमनी विचारलं.

धाकटी चित्राकडे वळली. त्या उघड्या तोंडाकडे तिने बराच वेळ पाहिलं. आणि तिला उत्तर सापडलं.

“हिचं व...” अक्षर अडकलं. मानेच्या शिरा ताणल्या.

“वय?” मॅडमनी हात दिला. “वय झालं तरी राबावं लागतं, त्याचा राग?”

धाकटीने जोरात नकारार्थी मान हलवली. “हिचं व... व...”

“वजन,” मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसली.

थोरली त्यांच्यावर खेकसली आणि मॅडमकडे वळली. “वचन, मॅडम. हिला दिलेलं वचन मोडलं, असं म्हणायचंय तिला. म्हणजे नवऱ्याने...”

धाकटीने टेबलावर मूठ आपटली. टाचण्यांचा डबा उलटला. टाचण्या फरशीभर पसरल्या, पण कुणी वाकलं नाही. थोरलीचे ओठ पुन्हा हलले. धाकटीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ते मिटले. मग धाकटीने श्वास घेतला. घाई केली नाही. अक्षर अडलं, पुन्हा अडलं, आणि ती अडलेल्या जागी उभी राहिली.

“हिचं व... व... वाक्य,” ती म्हणाली, “नेहमी दुसरंच कुणीतरी पुरं करतं. त्याचा.”