इंदूताईंच्या शेजारची सतरंजी

इंदूताईंची नात चैताली बोहल्यावर चढली, त्या वर्षीची ही गोष्ट. कर्वेनगरातल्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी योगवर्ग भरायचा. इंदूताई आपल्या सतरंजीशेजारी रोज यजमानांचीही सतरंजी अंथरायच्या. ती रिकामीच असायची.

"आजी, जागा पुरत नाही हो. उद्यापासून ती गुंडाळून ठेवाल?" शिकवणारी नम्रता हळूच म्हणाली.

"ठेवीन गं," इंदूताई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा हात सतरंजीवरून निघेना.

ओंकार झाला. सगळे डोळे मिटून शवासनात पडले. तोच कुणीतरी घोरू लागलं, तेही शिट्टी वाजवत.

"पेंडसे, घरी झोप मिळत नाही वाटतं!"

"अहो, मी जागा आहे!"

गच्ची खो खो हसली. मग एकेकाचं हसू विरत गेलं. शिट्टी ओळखीची होती आणि ती रिकाम्या सतरंजीवरून येत होती.

इंदूताईंनी डोळे न उघडता, सवयीनं शेजारी कोपरानं ढोसलं. "अहो, कुशीवर वळा."

घोरणं थांबलं.

"आजी," नम्रता पुटपुटली, "सतरंजी राहू दे."

इंदूताईंचे यजमान रघुनाथराव त्याआधीच्या माघात वारले, याच गच्चीवर, शवासनात. आज हे घोरत कसे नाहीत, म्हणून तेव्हा सगळे हसले होते.