चौदा क्लबांचा गोलरक्षक

"आता मला उतरवा," राखीव गोलरक्षक अनिबाल प्रशिक्षकांना म्हणाला. जादा वेळ संपत आला होता, बरोबरी सुटत नव्हती. चिलीतल्या खाणकामगारांचा हा क्लब पहिल्या श्रेणीत जाणार की नाही, ते पेनल्टींवर ठरणार होतं.

अडतीस वर्षांचा हा उरुग्वेचा माणूस एकोणीस वर्षांत चौदा क्लब फिरला होता आणि या हंगामात एकही सामना खेळला नव्हता.

"समोरच्या संघातल्या तिघांबरोबर मी खेळलोय. कोण कुठे मारतो, ठाऊक आहे मला."

प्रशिक्षकांनी त्याला उतरवलं.

बोलिव्हियातल्या जुन्या सोबत्याचा फटका त्याने डावीकडे झेपावून अडवला, पेरूतल्याचा उजवीकडे. शेवटी लेदेस्मा आला. इक्वाडोरमध्ये दोघं दोन वर्षं एका खोलीत राहिले होते. हा फटका अडला की सामना जिंकला.

"या वेळी कोपरा बदलणार आहे मी!" लेदेस्मा ओरडला.

म्हणजे घाबरलाय, अनिबालने ओळखलं. घाबरला की हा सरळ मारतो. तो जागचा हलला नाही. चेंडू त्याच्या छातीवर आदळला आणि त्याने तो घट्ट कवटाळला.

लोक मैदानात घुसले. सगळ्यांच्या आधी लेदेस्मानेच मिठी मारली. "तुझ्याबरोबर राहायलाच नको होतं, लेका!"

कामगारांनी अनिबालला खांद्यावर घेतलं. "पुढच्या वर्षी राहशील ना रे?" प्रशिक्षकांनी खालून विचारलं.

असं त्याला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"राहतोय!" तो गर्दीवरून ओरडला.