पाहुण्या संघाचा मान

कॉलेजचा बास्केटबॉल संघ परदेशात प्रदर्शनी सामने खेळायला निघालाय, असं प्राचार्य गावभर सांगून आले होते. इथे आल्यावर पोरांनी दिवसभर प्राचार्यांच्या बाईसाहेबांच्या खरेदीच्या पिशव्या उचलून तीन राजवाडे पाहिले, आणि संध्याकाळी पायांचे तुकडे पडलेले असताना पहिला सामना तीस गुणांनी हरली.

"समोर देशातला नामांकित संघ होता," प्राचार्यांनी कॉलेजला फोन केला, "पण आपली पोरं वाघासारखी लढली."

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाश्त्याला बसलेल्या कॅप्टनने चहा ओतणाऱ्या वेटरकडे पाहिलं आणि त्याच्या हातातला पाव हातातच राहिला. काल सगळ्यात जास्त बास्केट मारणारा हाच. पलीकडे अंडी वाढत होता, तो त्यांचा कॅप्टन.

"दादा, तुम्ही... इथे?"

"आम्ही सगळे इथलेच. दोन स्वयंपाकी, एक माळी, बाकी वेटर." वेटर खाली वाकून अदबीने म्हणाला, "तुमच्या साहेबांना सांगा, रागावू नका. त्यांनी सांगितल्याप्रमाणे काल हरायचा आम्ही जिवापाड प्रयत्न केला. पण तुम्ही हरूच दिलं नाहीत."