पाठकोरे कागद

सकाळी सातला औषध कंपनीची रात्रपाळी सुटली आणि झडतीच्या खोलीत रंगुबाईच्या डब्याच्या पिशवीतून सात कागद निघाले. एका बाजूला पेनानं बारीक लिहिलेलं. गार्ड बाईनं ते उलटले, तर दुसऱ्या बाजूला कंपनीचा छापील तक्ता. कुठल्या औषधात काय, किती आणि किती वेळ.

"साहेब, जरा इकडं या."

सिक्युरिटीचे पोपटराव आले. मिलिटरीत वीस वर्षं काढलेला माणूस, नियमाला पक्का. मागं बायांची रांग ताटकळली. असला कागद घेऊन जाताना सापडलेलं माणूस पुन्हा कामावर दिसत नाही, हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणाला द्यायला चालला व्हता?"

"कुणाला न्हाई साहेब. पाठकोरे हायेत. रद्दीच्या खोक्यातनं घेतले. लिखाण माझं हाय."

"तुमचं? वाचा बघू."

रंगुबाईनं कागद हातात घेतले. पाठकोरा कागद टाकायचा नाही, ही तिची जन्माची खोड. लग्नपत्रिका, लाइटबिल, पोरीच्या प्रश्नपत्रिका, सगळ्यांच्या पाठी तिनं लिहून भरल्या होत्या. तीच खोड आज नडली. अकरा वाजता शिरूरच्या वाचनालयात तिला हे वाचायचं होतं. आवडत्या पुस्तकावर लिहायची स्पर्धा होती, निवडलेल्या सहा जणांत तिचं नाव आलं होतं. पंधरा पाळ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या कोपऱ्यात बसून तिनं हे लिहिलं होतं. फोन गेटवर जमा, म्हणून साधा फोटोसुद्धा काढलेला नव्हता.

तिनं वाचायला घेतलं.

"अमेरिकेत एल्सी नावाची एक काळी बाई होती. तिची आई गोऱ्यांच्या घरी धुणं धुवायची. त्या घरात तिला पुढच्या दारानं यायची मुभा नव्हती. एल्सीची शाळा सोडवली आणि तिलाही तिथंच भांड्याला लावलं. मागच्या दारानं. तिला लिहायचा नाद होता. कागद कुठला? पिठाच्या रिकाम्या पिशव्या फाडून तिनं वही शिवली. एक दिवस ती मालकिणीच्या हाती लागली. तुला भांडी घासायला ठेवलंय, असं म्हणत मालकिणीनं ती वही चुलीत घातली."

इथं रंगुबाई अडखळली. पोपटरावांच्या तोंडाकडं बघायची तिला छाती होईना. बाहेर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला, पण रांग हलली नाही.

"मग गं?" मागून सोजराबाईनं विचारलं. राहू गावची बाई, पॅकिंगला रंगुबाईच्या शेजारी बसायची. शाळेची पायरी चढलेली नव्हती.

"एल्सी रडत बसली नाही. दुसऱ्या दिवसापासून भांडी घासताना ती जळालेलं आठवत गेली. एकेका ताटाला एकेक ओळ. बारा वर्षांनी त्याचं पुस्तक झालं. त्या मालकिणीच्या नातीनं ते दुकानातून विकत आणलं. एल्सीला ज्या दारानं कधी येऊ दिलं नाही, त्या पुढच्या दारानं तिचं पुस्तक आत गेलं."

पोपटरावांनी हात पुढं केला.

"चांगलं लिव्हलंय. पण कागद न्हाई जायाचा. रिपोर्ट करत न्हाई, एवढंच माझ्या हातात हाय."

रंगुबाईनं कागद दिले. त्यांनी ते एकेक करून रद्दी कातरायच्या यंत्रात सोडले. नोकरी राहिली होती, त्यामुळं रडायचीही सोय नव्हती.

दौंडच्या स्टँडवर शिरूरची एसटी लागलेली होती. रंगुबाई खिडकीशी बसली आणि मनात म्हणून बघितलं. अमेरिकेत एल्सी नावाची. मागचं दार. पिठाच्या पिशव्या. चुलीपर्यंत आली आणि पुढं सगळं कोरं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडलं. सगळ्यांसमोर फजिती करून घेण्यापेक्षा घरी गेलेलं बरं, असं ठरवून ती उठली.

तेवढ्यात सोजराबाई पिशवी सावरत गाडीत चढली आणि तिच्या वाटेतच उभी राहिली.

"बस खाली. सरक तिकडं."

"तू कुठं आलीस? राहूची गाडी पलीकडं हाय."

"जाईन सांजच्याला." सोजराबाई शेजारी टेकली, कनवटीचे पैसे काढून कंडक्टरपुढं धरले. "शिरूर. दोन."

गाडी हलली.

"आता म्हण," ती म्हणाली. "वही चुलीत घातली तिथवर तुझं तू म्हण. तिथनं पुढचं माझ्यापाशी हाय."