बिनधुराची बोट

डिझेल इंजिन साखळीला लटकत बोटीबाहेर आलं, तेव्हा प्रमिलाने तोंड फिरवलं. दयानंदला वाटलं, तेलाचा वास सहन झाला नसेल.

"खलास!" तय्यबने साखळी सैल सोडली. तो मूळचा रत्नागिरीचा. इथे आखातात, धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. "भाभी, आता तुमच्या डोळ्यांचा त्रास गेला बघा."

"गेला," प्रमिला म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

बोट तशी लहानच. विलायतेतल्या कालव्यांतून सावकाश फिरायला बांधलेली, दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढ्या केबिनची. ऑफिसातला एक इंग्रज मायदेशी परतताना ती दयानंदच्या गळ्यात घालून गेला होता. समुद्र शांत असला की शुक्रवारी सकाळी तिघं अल हैलच्या किनाऱ्याकिनाऱ्याने चक्कर मारून यायची. दयानंद, प्रमिला आणि त्यांची मुलगी प्रणाली.

दोन वर्षांपूर्वी प्रणाली मैत्रिणींबरोबर रुस्ताकचा किल्ला बघायला गेली. परतताना गाडी उलटली. तिचा देह नागपूरला नेऊन, सगळं उरकून दोघं परत आली आणि महिन्याभरातच दयानंदच्या छातीत दुखू लागलं. स्टेंट घातले. डॉक्टरांनी प्रमिलाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. त्या दिवसापासून घरात प्रणालीचं नाव निघालं नाही. प्रमिला डबा करायची, टीव्हीवरच्या मालिकेवर बोलायची, वेळेवर गोळी हातात द्यायची. दयानंद बौशरच्या ऑफिसात जायचा, यायचा. लोक म्हणायचे, दोघंही खंबीर आहेत.

शुक्रवारची चक्कर मात्र प्रमिलाने सोडली नाही. उलट तीच आठवण करायची, "जायचं ना हो?" बोट सुरू झाली की ती केबिनमध्ये शिरायची. "जरा पडते," म्हणून दार लावून घ्यायची. इंजिन केबिनच्या अगदी बुडाशी. त्याचा धडधडाट एवढा, की बाहेर सुकाणूवर बसलेल्या दयानंदला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नसे. परतताना ती बाहेर यायची तेव्हा डोळे लाल, चेहरा सुजलेला.

"काय झालं?"

"धूर हो. डोळे नुसते चुरचुरतात."

त्याला अपराधी वाटायचं. आपल्याला विरंगुळा म्हणून ही बाई दर आठवड्याला धूर गिळते. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर. डिझेल काढून बोट बॅटरीवर चालवणं, ती बॅटरी उन्हावर चार्ज करणं, एवढं तर त्याला येत होतं. त्याने बेत सांगितला तेव्हा प्रमिलाच्या हातातला डाव थबकला.

"राहू द्या ना. मला सवय झालीय."

ती आपला त्रास वाचवायला म्हणतेय, असं त्याने धरलं.

हिवाळाभर सुट्टीचा प्रत्येक दिवस त्याने बोटीत घालवला. छतावर सोलर पॅनेल बसवली. इंजिनाचं वजन गेल्यावर बोटीचा मागचा भाग वर उचलला जाईल, म्हणून बॅटऱ्या नेमक्या त्याच जागी खाली बसवल्या. मोटर एवढीशी, घरातल्या प्रेशर कुकरएवढी. जेवताना तो वायरींबद्दल बोलत राहायचा. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता. प्रमिला ऐकायची आणि न विचारता त्याच्या ताटात भात वाढायची.

पहिल्या फेरीला तय्यबने दोर सोडला. "यल्ला, चला सर!"

दयानंदने खटका पुढे ढकलला. काहीच झालं नाही, असं वाटलं. मग धक्का मागे सरकताना दिसला. बोटीच्या अंगाला पाणी चाटत होतं, तेवढाच आवाज. दूर कोळ्यांच्या होडीत कुणीतरी हसलं, तेही स्वच्छ ऐकू आलं.

"बघ! आहे का काही आवाज?" तो लहान मुलासारखा म्हणाला.

प्रमिलाने त्याच्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. क्षणभर ती तिथेच घुटमळली. मग केबिनमध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

किनारा हळूहळू मागे जात होता. पॅनेलवर ऊन पडलं होतं, बॅटरी भरत होती. प्रमिलाला हाक मारून दाखवावं, असं त्याच्या मनात आलं आणि तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं. आधी वाटलं, मोटरचा दांडा कुठेतरी घासतोय. त्याने वेग कमी केला. घासण्याचा आवाज तसाच राहिला. तो दारापलीकडून येत होता. तोंडात कापड कोंबून कुणी रडावं तसा. मधेच एक शब्द निसटला.

"प्रणू..."

धूर तर आता नव्हताच. दर शुक्रवारी ती कशासाठी येत होती, ते त्याला कळलं. मोबाइलवर मोठ्याने गाणी लावावीत, तिला तिचा आडोसा परत द्यावा, म्हणून त्याने खिशात हातही घातला. मग तो हात तसाच काढून त्याने मोटर बंद केली.

आत एकदम शांत झालं. दार किलकिलं झालं. प्रमिलाच्या मुठीत ओढणीचा बोळा होता.

"ऐकू आलं?"

"हो."

तिने घाईघाईने चेहरा पुसला. "काही नाही हो, असंच. तुम्ही आधी बसा बघू. गोळी घेतलीत ना? डॉक्टर म्हणालेत, तुमच्यासमोर अजिबात रडायचं नाही." तिने बोळा मुठीत चुरगळला. "घरी भिंतीला भिंत. बाथरूममध्ये नळ सोडला तरी तुम्ही दार वाजवता. मग कुठे जाणार मी?"

बोट लाटांवर नुसती डुलत होती. दयानंद केबिनच्या पायरीवर बसला. त्याला बरं वाटत नाहीये का, म्हणून ती घाबरून पुढे वाकली. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"बाहेर ये, प्रमिला," तो म्हणाला. "मला एकट्याला रडता येत नाहीये गं."